हन्नाची बंद पेटी

माझी बायको बेस गिटार वाजवते. जीपमध्ये बसलेल्या नव्या पॅसेंजरला मी हे सांगतो तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर बघतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे गाते का?" गात नाही. ती गायला लागली तर आमच्या शेळ्या दावं तोडून पळतील. ती वाजवते. पदर कमरेला खोचून, चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवून, नाकावर माशी बसली तरी हलणार नाही अशा चेहऱ्याने वाजवते. विसरवाडीच्या पट्ट्यातली निम्मी लग्नं तिच्या बोटांवर नाचून झालीत.

मी होळ्या गावित. होळीच्या दिवशी जन्मलो म्हणून होळ्या. पुढे आमचं घर चर्चला जायला लागलं, पण नाव तेच राहिलं. विसरवाडी ते नवापूर जीप चालवतो. घरी आम्ही मावची या आमच्या बोलीत बोलतो. इथे सगळं मराठीत लिहितोय, त्यामुळे हन्ना तुम्हाला जरा गरीब स्वभावाची वाटेल. तो गैरसमज फार वेळ टिकणार नाही.

बेस म्हणजे काय, हे आमच्या लग्नात आल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे नाच ओळीने होतो. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, त्यात म्हातारी, पोरं, पाहुणे, नवरदेवाचा मामा सगळे आले. ओळ चार पावलं पुढे जाते, डुलते आणि एकदम पाठ फिरवते. कधी फिरायचं ते कोणी ओरडून सांगत नाही, बेस सांगतो. माणसं कान गाण्याला देतात आणि पाय बेसला. गाणारा सूर चुकला तर लोक हसतात. बेसवाला चुकला तर लोक एकमेकांच्या पायावर पडतात. म्हणून हन्ना वाजवताना कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, फक्त पायांकडे बघते.

ती हे कोणाकडे जाऊन शिकली नाही. लहानपणी ती चर्चचा हॉल झाडायला जायची. तिथे भिंतीला एक बेस गिटार टांगलेली होती. ती वाजवणारा माणूस कामाला सुरतेला गेला तो परत आलाच नाही. हन्ना झाडता झाडता एक तार छेडायची, थांबायची, पुन्हा छेडायची. हॉल झाडायला इतका वेळ का लागतो म्हणून तिचा बाप वाहरू बघायला आला. वाहरू सुतार होता. मुलीला रागावण्याऐवजी तो दारातच बसून राहिला. नंतर म्हणाला, "हिला पेटी पाहिजे. पेटीशिवाय ही मुकी आहे."

पेटी म्हणजे ज्यात स्पीकर बसवतात ती. व्याऱ्याच्या एका बँडची फुटलेली पेटी वाहरूकडे दुरुस्तीला आली होती, तिची मापं त्याच्या लक्षात होती. पाडलेल्या जुन्या दवाखान्याची सागाची दारं त्याने मिळवली आणि त्यांतून हन्नाची पेटी केली. आता तुम्ही डीजेच्या पेट्या बघितल्या असतील, त्यांना पुढून एक भोक असतं, हाताचा पंजा आत जाईल एवढं. हन्नाच्या पेटीला भोकच नाही. सगळीकडून बंद. स्पीकर बसला की आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. पेटी झाली तेव्हा वाहरूने वायरच्या बारीक छिद्रातून बिडीचा धूर आत फुंकला आणि प्रत्येक सांध्याला डोळा लावून बघत बसला. कुठूनही धूर आला नाही तेव्हा म्हणाला, "हिची हवा गेली की आवाज गेला. जपून ठेव." वाहरू जाऊन बरीच वर्षं झाली. हन्नाने पेटी माझ्यापेक्षा जास्त जपली, यात मला काही वादच घालायचा नाही.

तर ईस्टर झाल्यानंतरची गोष्ट. शेजारच्या गावात लग्न होतं. हन्ना वाजवत होती, तिच्या भाच्याचा कीबोर्ड होता. भाचा म्हणजे विनोद, तिच्या बहिणीचा मुलगा. बँड आता तोच चालवतो. नाच रंगात आला होता आणि अचानक पेटीतून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. मग जळका वास. हन्नाने घाईने वायर काढली. स्पीकर गेला होता, इतक्या वर्षांनी.

विनोद हुशार पोरगा. त्याने क्षणभरही न थांबता कीबोर्डवर डाव्या हाताला बेसचा आवाज लावला. उजव्या हाताने गाणं, डाव्या हाताने बेस. ओळ पुढे गेली, डुलली, फिरली. कोणी कोणाच्या पायावर पडलं नाही. हन्ना मुकी गिटार गळ्यात घेऊन शेवटपर्यंत तशीच उभी राहिली.

परत येताना मी तिचं सांत्वन करायला म्हटलं, "जाऊ दे. कोणाला कळलंसुद्धा नाही." याहून वाईट वाक्य मला सुचलंच नसतं.

"तेच तर," हन्ना म्हणाली. "एस्तेर ओळीत होती, माझ्याकडे पाठ करून. माझा बेस बंद पडला आणि माझ्या पोरीने वळूनसुद्धा बघितलं नाही."

एस्तेर आमची एकुलती मुलगी. नवापूरला दवाखान्यात नर्स आहे. मे महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नानंतर ती अक्कलकुव्याला जाणार होती. आईच्या पोटात होती तेव्हाही हन्ना वाजवत होती. म्हणजे या पोरीने बेस आधी ऐकला आणि जग नंतर बघितलं. तिलाच कळलं नाही, हे हन्नाला लागलं. मला पण लागलं, पण मी गाडी चालवत होतो.

दोन दिवसांनी विनोद घरी आला. वाईट बोलायला नाही, भल्यासाठीच आला होता. "मावशी, एस्तेरच्या लग्नात तू आईसारखी बस ना. पाहुणे बघ. बेस मी डाव्या हाताने धरतो. आता सगळ्या बँडमध्ये असंच चालतं. पेटी टेम्पोत जागा खाते, उचलायला माणसं लागतात."

हन्नाने चुलीवरची भाकरी उलटली. "हळदीच्या संध्याकाळी पेटी बोलली तर मी वाजवेन," ती म्हणाली. "नाही बोलली तर ही गिटार तुझ्या घरी नेऊन टांग. मग मी पुन्हा मागणार नाही."

ती एकदा बोलली की बोलली. त्या दिवसापासून आमच्या घरात लग्नाची तयारी बाजूला पडली आणि स्पीकरची सुरू झाली. जळलेला स्पीकर तिने खोलून कापडात गुंडाळला, आणि आम्ही तिघं माझ्या जीपने नंदुरबारला निघालो. हन्नाने ठेवणीतली साडी नेसली होती. विनोद म्हणाला, "मावशी, स्पीकर बघायला चाललोय, स्थळ बघायला नाही." ती म्हणाली, "दोन्ही एकच. घरात आणल्यावर बदलता येत नाही." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं.

नंदुरबारात दुकानदार प्रेमचंदशेठ. त्याच्याकडे स्पीकर भिंतीला लावलेले, जमिनीवर रचलेले, काउंटरवर उपडे पडलेले. हन्नाचे डोळे जत्रेत सोडलेल्या पोरीसारखे झाले. शेठने जळका स्पीकर बघितला, माप घेतलं आणि त्याच मापाचा नवा, काळा कुळकुळीत स्पीकर दोन्ही हातांनी कण्हत उचलून आणला.

"हाऊ उचली देखा, दादा," तो मला त्याच्या अहिराणीत म्हणाला. "मॅग्नेट देखा, कितला जड शे. बठ्ठा डीजेवाला हाऊच लई जातस."

सगळे डीजेवाले हाच नेतात म्हणे, म्हणून मी उचलला. कंबरेतून कळ आली. मागच्या बाजूला लोखंडाचं भलं मोठं गरगरीत मॅग्नेट होतं. विनोदने उचलला आणि मान डोलावली. आमच्या भागात स्पीकर असाच घेतात. कोंबडी घेताना हातात तोलून बघतात तसा स्पीकर तोलायचा, ज्याचं मॅग्नेट जास्त जड तो जास्त चांगला. यात चूक असेल असं कोणाच्या डोक्यात कधी आलंच नाही. हन्नाच्याही नाही. तिने उचलला, पोटाशी धरला आणि हसली. "हाच," ती म्हणाली.

वाटेत ती गुणगुणत होती. शेळ्या जवळपास नव्हत्या म्हणून मी काही बोललो नाही.

घरी येऊन स्पीकर बसवला. स्क्रूची भोकंसुद्धा जुन्याच जागी आली. एस्तेर लग्नाच्या सुट्टीवर घरी आली होती, तीही अंगणात येऊन उभी राहिली. हन्नाने गिटार जोडली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तार छेडली.

टक.

तिने आवाज वाढवला. टक, टक, टण. मोठा होता, स्वच्छ होता, पण त्याला पोटच नव्हतं. जमिनीत काही शिरत नव्हतं. एवढं वजन घरी आणलं आणि आवाजाला मात्र वजन नाही. हन्नाने गिटारची बटणं फिरवली, वायर बदलली, पेटी भिंतीला लावली, भिंतीपासून दूर नेली. शेवटी तिने गिटार खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. एस्तेर म्हणाली, "आई, छान आहे की," आणि ते खोटं इतकं वाईट होतं की ती स्वतःच आत निघून गेली.

"मावशी, पेटीत दोष आहे," विनोद म्हणाला. "एवढ्या जड स्पीकरला श्वास घ्यायला भोक लागतं. आपण एक पाडू." तो घरून कापायची मशीन घेऊन आला. सागाच्या त्या फळीवर त्याने ताट ठेवून पेन्सिलने गोल काढलासुद्धा.

हन्ना जाऊन पेटीवर बसली. नुसती बसली, दोन्ही पाय खाली सोडून. "आधी मला काप," ती म्हणाली.

विनोदने मशीन खाली ठेवली. आमच्या घरात हन्ना पेटीवर बसली की चर्चा संपते.

ती तशीच संध्याकाळपर्यंत बसून होती. मी चहा दिला तो गार झाला. मग तिने जुना जळका स्पीकर कापडातून काढला, मांडीवर घेतला आणि त्याच्या काळ्या कागदी कोनावर, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्यावर, तळहात ठेवून दाबलं. कोन सहज आत गेला आणि सहज बाहेर आला. मग खाली वाकून नव्याचा कोन दाबला. तो हलायलाच तयार नव्हता. तिने दोन्ही पुन्हा दाबून बघितले. मग एकदम उठली आणि म्हणाली, "एस्तेरच्या बा, सायकलचा पंप कुठंय?"

मला वाटलं, बाई हातची गेली. पंप आणून दिला. तिने पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबला आणि दांडा खाली ढकलला. दांडा थोडा गेला आणि आतल्या हवेने त्याला वर ढकललं. तिने पुन्हा ढकलला, पुन्हा वर आला. हन्ना हसायला लागली.

"बघ," ती म्हणाली. "बंद पेटीत हवाच स्प्रिंग आहे. कोन आत गेला की हवा त्याला बाहेर ढकलते. म्हणजे पेटी आधीच कडक. तिच्यात स्पीकरही असा ताठ, एवढ्या मोठ्या मॅग्नेटने आवळून धरलेला घातला, तर खालचा सूर उमलणार कुठून? माझ्या बाने पेटी केली मऊ स्पीकरसाठी. भोकवाल्या पेटीत हा जडवाला राजा असेल. पण आपल्याला हलका पाहिजे, मऊ पाहिजे. एका घरात दोन कडक माणसं नाही चालत."

शेवटचं वाक्य स्पीकरबद्दल होतं असं ती म्हणते.

विनोदने स्वतः पंप घेऊन दोनदा दाबून बघितला. "पण मावशी, हलका स्पीकर?" तो म्हणाला. "लोक हसतील." हन्ना म्हणाली, "हसू दे. हसता हसता नाचतील." तिचा चेहरा असा उजळला होता की मला जीप तेव्हाच काढावीशी वाटली. पण डिझेल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नंदुरबार. हळद दोन दिवसांवर आली होती आणि घरात मांडवाचे बांबू नुसते आणून टाकलेले. या वेळी जडवाल्या स्पीकरसकट पेटी जीपमध्ये घेतली, दुकानातच बसवून वाजवून बघू म्हणून. पोहोचलो तर बाजारात लाईट नाही. संध्याकाळशिवाय येत नाही, असं शेजारचा चहावाला म्हणाला.

"मग हाताने बघते," हन्ना म्हणाली, आणि दुकानात शिरून एकेका स्पीकरचा कोन दाबत निघाली. दोन्ही तळहात पसरून, सगळीकडून सारखा दाब देत, कान खाली नेऊन. आत कुठे घासल्याचा आवाज येतो का ते ती ऐकत होती.

प्रेमचंदशेठचा जीव वरखाली. "ताई, दाबू नका, कोन फाटी जाई," तो म्हणाला.

"तुमच्याकडचे सगळे ताठ आहेत," हन्ना म्हणाली. "मऊ दाखवा. मॅग्नेट लहान असलं तरी चालेल."

शेठने आयुष्यात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक बघितलं असावं. तो डोकं खाजवत मागच्या खोलीत गेला आणि धूळ फुंकत एक स्पीकर घेऊन आला. एका हातात. "हाऊ एक पडेल शे मांगे," तो म्हणाला. "मॅग्नेट धाकला शे. कोनी लेत नही. लगीनमा नही चालाव, मी आतेच सांगी देस."

हन्नाने तो मांडीवर घेतला. कोनाच्या कडेला कापडाची घडी होती. तिने डोळे मिटले आणि दाबलं. कोन आत गेला, बाहेर आला. पुन्हा दाबलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते असं खुललं नव्हतं, एवढं सांगतो.

"बदली दिसू," शेठ म्हणाला, "पण हाऊ परत लेवाव नही. पक्कं करी ल्या."

जडवाला घेऊन तो हा बदली देणार होता, पण हा वाजवून बघता येणार नव्हता आणि परतही करता येणार नव्हता. विनोदने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. हन्ना म्हणाली, "द्या."

घरी आल्यावर स्पीकरच्या कडेला तिने सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून लावली आणि स्क्रू आवळले. मग माझ्यासमोर एक बिडी धरली. तीच बाई, जिने भांडून, रुसून, माझी बंडलं चुलीत घालून माझी बिडी सोडवली होती. "ओढ," ती म्हणाली. "आज देवाने परवानगी दिलीय." मी वाहरूसारखा वायरच्या छिद्रातून धूर फुंकत बसलो आणि ती सांध्यांना डोळा लावून फिरत राहिली. मागच्या कोपऱ्यातून बारीक धूर निघाला. त्या जड स्पीकरने नाहीतर जीपच्या धक्क्यांनी जुना सांधा उघडला होता. तिने सागाचा भुसा गोंदात कालवून भेग भरली. गोंद नीट वाळेपर्यंत वाजवायचं नाही, असा तिचा हुकूम. म्हणजे पेटी बोलते की नाही ते थेट हळदीला, सगळ्या गावासमोर कळणार होतं. बिडी मी पूर्ण ओढली, वाया कशाला घालवायची.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. हन्नाने एस्तेरला सगळ्यांत आधी हळद लावली, गालांना, दंडांना, पायांना. मग हात न धुताच तिने गिटार गळ्यात अडकवली. एक आत्या म्हणाली, "अगं, नवरीची आई ना तू?" हन्ना म्हणाली, "म्हणूनच." मांडवाच्या कडेला विनोद कीबोर्डमागे उभा होता, दोन्ही हात तयार ठेवून. तसं त्यांचं ठरलं होतं. तो दोन्ही हातांनी सुरू करणार, मग हन्ना तार छेडणार आणि पेटी बोलली तर बेस तिचा.

विनोदने सुरू केलं. ओळ जमली. मी पाण्याच्या टाकीमागे उभा होतो. हळद डोळ्यात गेली होती, दुसरं काही नाही. एस्तेर हळदीने माखलेली तिथपर्यंत आली, माझा हात धरून ओढत मला ओळीत नेलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. आमची पाठ बँडकडे होती. पावलं पुढे जात होती, ओळ डुलत होती, डाव्या हाताचा बेस चालू होता, सगळं ठीक होतं. दाब, हन्ना, दाब ती तार, असं मी मनात म्हणत होतो.

मग आधी माझ्या तळपायांना कळलं. जमीन खालून उचलून धरल्यासारखी झाली. खोल, मऊ, आणि तरी जिथल्या तिथे संपणारा सूर. एक, मग दुसरा, मग सगळी चाल. सगळी ओळ एकदम फिरायच्या बेतात आली, म्हाताऱ्यासुद्धा. माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. एस्तेरने मागे बघितलं नव्हतं, बघायची गरजच नव्हती.

"बा," ती म्हणाली, "आई आली."

ओळ फिरली. समोर हन्ना होती, पिवळ्या बोटांनी वाजवत, आमच्या पायांकडे बघत, आणि रडत होती. तिच्या शेजारी विनोद उजव्या हाताने गाणं वाजवत होता. त्याचा डावा हात खिशात होता.